अननसाच्या पानाचे वस्त्र
(परिसर व भूगोल ह्यांच्या पाठास पूरक)

‘वस्त्र’ हा पाठ शिकविताना आपण मुलांस बहुधा चार नावे सांगतो : कापूस, लोकर, रेशीम आणि ताग. मुले ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विषय तेथेच संपतो. ज्या झाडाचे फळ मुले आवडीने खातात आणि ज्याचे पान काटेरी म्हणून कोणी हाती धरीत नाही, त्या अननसाच्या पानापासून जगातील अतिशय तलम वस्त्रांपैकी एक वस्त्र विणले जाते, हे सांगितले तर मुले कान टवकारतील. ह्या हेतूने फिलिपाइन्स देशातील ‘पिन्या’ नावाच्या हातमागाच्या कापडाची माहिती येथे काहीशा विस्ताराने दिली आहे. चौथी-पाचवीच्या वर्गास ती गोष्टीरूपाने सांगता येईल; वरच्या वर्गांत तिला इतिहासाची व गणिताची जोड द्यावी.

पाठास आरंभ करण्यापूर्वी आशियाचा नकाशा भिंतीवर टांगावा. चीनच्या आग्नेयेस समुद्रात बेटांचा मोठा पुंजका दिसतो, तो फिलिपाइन्स. त्यात सात हजारांहून अधिक बेटे आहेत. त्यांच्या मध्यभागी पनाय हे बेट असून त्याच्या वायव्य कोपऱ्यात आक्लान हा प्रांत आहे. १९५६ साली तो शेजारच्या कापीस प्रांतातून वेगळा करण्यात आला. कालिबो हे त्याचे मुख्य गाव. कालिबो व जवळचे बालेते ही पिन्या विणणाऱ्यांची गावे होत.

अननस हे झाड मूळचे तेथील नव्हे, तसे ते आपल्याकडीलही नव्हे. त्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिका. फिलिपाइन्समध्ये ते स्पॅनिश लोकांबरोबर आले, हिंदुस्थानात पोर्तुगिजांबरोबर. स्पॅनिश लोकांस ते फळ चीड वृक्षाच्या बोंडासारखे दिसले म्हणून त्यांनी त्यास त्या बोंडाचेच ‘पिन्या’ हे नाव दिले. पोर्तुगिजांनी अमेरिकेतील रहिवाशांचे मूळ नाव उचलले आणि तेच आपल्या मराठीत ‘अननस’ म्हणून स्थिरावले. एकच फळ दोन दर्यावर्दी लोकांच्या हातून दोन किनाऱ्यांवर उतरले आणि दोन नावांनी राहिले. कोकणातील व गोव्यातील मुलांस ही हकीकत विशेष जवळची वाटेल.

परंतु झाड आले म्हणून कापड आले नाही. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून ह्या बेटांवर आबाका नावाच्या वनस्पतीच्या तंतूचे कापड विणले जात असे. आबाका ही आपल्या केळीची बहीण. तिच्या सोपटातून लांब व चिवट तंतू निघतो. ओल्या सोपटातून तंतू सोडवावा, टोकास टोक बांधावे आणि मागावर चढवावे, ही विद्या त्या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती. परक्या देशाचे झाड दारी आले तेव्हा त्या हातांनी त्याचे पान तपासून पाहिले. शिक्षकांनी हा मुद्दा घाईने ओलांडू नये. नवी वस्तू कोणी आणली हे पुस्तकात सापडते. ती वस्तू ओळखणारे हात मात्र जागच्या जागी होते, ही गोष्ट बहुधा नोंदविली जात नाही.

आता कृतीकडे वळू. तंतूसाठी लावावयाचा अननस बाजारात येणाऱ्या मोठ्या फळाच्या जातीचा नसतो. ‘स्पॅनिश रेड’ म्हणून ओळखली जाणारी, लहान फळाची व लांब पानांची जात त्यासाठी घेतात आणि ती झाडांच्या सावलीत वाढवितात. सावलीतले पान प्रकाशासाठी धडपडते व लांब होते. सुमारे दीड वर्षाने पाने काढणीस येतात. कापून आणलेल्या पानाच्या कडांचे काटे सुरीने तासून काढतात आणि ते पान लांब फळीवर सपाट पसरतात. मग फुटलेल्या चिनी मातीच्या बशीचा तुकडा घेऊन पानाचा वरचा हिरवा पापुद्रा खरवडतात. बशीची धार अशी असते की ती गर काढते, पण तंतू तोडीत नाही. पहिल्याने जे तंतू वर येतात ते जाडसर असतात. त्यांस ‘बास्तोस’ म्हणतात. ते उचलून बाजूस ठेवले की खाली आणखी एक थर राहतो. त्यावर बशी चालत नाही. तेथे नारळाची करवंटी घेऊन हलक्या हाताने खरवडावे लागते. तेव्हा जो केसाहून बारीक, पांढुरका, चमकदार तंतू निघतो तो ‘लिनिवान’. उत्तम पिन्या ह्याच तंतूचा होतो. तंतू पाण्यात धुऊन, झटकून वाळवितात व विंचरतात. शंभर शेर ओली पाने खरवडली तर हाती दोन-तीन शेर तंतू लागतो.

पाहा, हत्यारे कोणती : सुरी, फळी, फुटकी बशी आणि करवंटी. कारखान्यात मिळेल असे त्यात काही नाही. पण ती हत्यारे धरणाऱ्या मनगटास जो अंदाज लागतो तो मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो.

ह्यापुढचा भाग पाठाचा गाभा समजावा. कापसाचा तंतू बोटाच्या पेरापेक्षा फारसा लांब नसतो. म्हणून तो पिंजून, पेळू करून, पीळ देऊन कातावा लागतो. पिळामुळे तोकडे तंतू एकमेकांस धरून राहतात. टकळीवर सूत कातलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. तिला हे निराळे सांगावयास नको. अननसाचा तंतू पानाइतका लांब असतो. त्यास पीळ देत नाहीत. एक तंतू घ्यावा, त्याच्या टोकास दुसऱ्याचे टोक बांधावे, गाठीची उरलेली शेपटी कापून टाकावी, मग तिसरा तंतू, मग चौथा. असे बांधत बांधत धागा वाढत जातो. पिन्याचे संपूर्ण वस्त्र ह्या गाठींवर उभे आहे, आणि चांगल्या कापडात त्यांतील एकही गाठ सहज डोळ्यांस दिसत नाही. पीळ नसल्यामुळेच त्या कापडात काचेसारखी पारदर्शकता आणि मंद तकाकी येते.

किती गाठी? हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. समजा, कापडाचा पन्हा ७५ सेंटिमीटर आहे आणि लांबी १ मीटर. आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी दर सेंटिमीटरास २० धागे आहेत असे धरू. तर आडवे धागे २,००० झाले. प्रत्येकी ७५ सेंटिमीटर म्हणजे एकूण १,५०० मीटर धागा. उभे धागे १,५००, प्रत्येकी १ मीटर. तेही १,५०० मीटर. दोन्ही मिळून ३,००० मीटर. एका तंतूपासून ७५ सेंटिमीटर कामाचा धागा मिळतो असे मानले तर ४,००० तंतू लागतील, आणि ते एका सलग धाग्यात जोडावयाचे तर ३,९९९ गाठी. हे आकडे वर्गातील उदाहरणासाठी घेतले आहेत. पण एक मीटर कापडामागे हजारो गाठी असतात, हे ह्यावरून मुलांच्या लक्षात येईल. ‘गाठी ४,००० का नाहीत, ३,९९९ का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ द्यावा.

विणकाम लाकूड-बांबूच्या मागावर होते. पायाखाली पावड्या, हाती धोटा, समोर फणी. आपल्या हातमागाशी परिचय असलेल्या माणसास त्यात अनोळखी असे थोडेच आढळेल. मात्र येथे धागा इतका नाजूक की जोराने ठोकता येत नाही. साध्या विणीचे कापडही दिवसाकाठी फार तर मीटरभर होते. नक्षी असली तर काम वीत-दीड विताशी येऊन ठेपते. विणतानाच आडव्या धाग्यांत वेगळा धागा हाताने गुंफून फुले-पाने उठविण्याच्या पद्धतीस ‘सुकसुक’ म्हणतात. उभे धागे रेशमाचे व आडवे अननसाचे असे मिश्र कापडही आज पुष्कळ विणले जाते, ते ‘पिन्या-सेदा’. विणलेले कापड पुढे भरतकामास जाते. लुझोन बेटावरील लुंबान हे गाव त्यासाठी नावाजलेले आहे. तेथील कारागीर काही धागे मोजून उपसतात आणि उरलेल्यांस टाके घालून जाळी बनवितात. हजारो गाठींनी बांधलेले कापड हाती घेऊन त्यातले धागे पुन्हा उपसावयाचे, ह्याला धीर लागतो खरा.

इतिहासाच्या तासास उपयोगी पडेल असा एक भाग पनाय बेटाच्या दक्षिणेस, इलोइलो शहरी, घडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इलोइलो हे विणकामाचे भरभराटीचे केंद्र होते; तेथे घरोघरी माग होते. १८५५ साली ते बंदर परदेशी व्यापारास खुले झाले. पुढच्याच वर्षी निकोलस लोनी नावाचा इंग्रज गृहस्थ ब्रिटनचा उपवकील म्हणून तेथे आला. त्याने इंग्लंडच्या गिरण्यांचे सुती कापड स्वस्त दराने आणविले आणि परत जाणाऱ्या जहाजांत भरावयास साखर हवी म्हणून उसाच्या लागवडीस उत्तेजन दिले. ऊस वाढला, साखरेचे मळेवाले श्रीमंत झाले आणि इलोइलोचे माग एकामागून एक थंडावले. मँचेस्टरच्या कापडाने आपल्या विणकरांची जी गत केली ती मुलांनी वाचलेली असते. त्याच गिरण्यांचा माल हजारो कोसांवरील दुसऱ्या बेटावर काय करीत होता हे कळले, म्हणजे तो प्रसंग केवळ आपल्या देशापुरता नव्हता हे त्यांच्या ध्यानी येईल.

पिन्याचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग ‘बारोंग तागालोग’ ह्या पुरुषी पोशाखात होतो. हा लांब बाह्यांचा, भरतकाम केलेला, विजारीवर सोडलेला अंगरखा. रामोन मागसायसाय ह्यांनी ३० डिसेंबर १९५३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती पाश्चात्त्य पोशाखात नव्हे, तर बारोंग घालून. १९५७ साली ते विमान-अपघातात निधन पावल्यावर त्यांच्या नावे जे पारितोषिक सुरू झाले, त्याच्या १९५८ मधील पहिल्या मानकऱ्यांत आपले विनोबा भावे होते. मागसायसाय हे नाव मुलांच्या कानावरून गेले असल्यास हा धागा येथे जोडून द्यावा.

ह्या अंगरख्याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते : कमरेला शस्त्र लपविता येऊ नये म्हणून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी तेथील लोकांस पारदर्शक वस्त्र घालण्याची सक्ती केली, अशी. कथा चटकदार आहे. पण तसा कायदा वा हुकूम अभ्यासकांस आढळलेला नाही. शिवाय थोडा विचार केला तरी शंका येते. इतक्या कष्टाचे व महाग कापड सामान्य रयतेवर सक्तीने कोण घालील? ते श्रीमंतांचेच वस्त्र होते. उष्ण व दमट हवेत तलम कापड सुखाचे वाटते, हे कारण साधे आहे, पण पुरेसे आहे. शिक्षकांनी ही कथा सांगावी आणि तिचा पुरावा काय, हेही लगेच विचारावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ मावळत आली होती. आक्लानमध्ये उरलेले विणकर बहुतांशी वृद्ध होते. १९८० नंतरच्या दशकात काही जाणत्या मंडळींनी तिला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न केला, नव्या विणकरांस शिक्षण मिळाले आणि माग पुन्हा चालू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने आक्लानच्या पिन्या विणकामाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मान मोठा आहे. परंतु मान विणकामास मिळतो, आणि अडचण विणकामाच्या आधीच्या पायऱ्यांवर आहे. पान खरवडणारा आणि गाठी मारणारी बाई ह्यांच्याकडे पाहावयास कोणी जात नाही. छायाचित्र निघते ते मागाचे. अंगावर मिरवते ते भरतकाम. गाठी मारण्याचे काम घरी बसून, डोळे ताणून, घरच्या इतर कामांच्या अधूनमधून करावयाचे, आणि त्याचा मोबदला बेताचा. तरुण मुली त्यापेक्षा शहरातील नोकरी पसंत करतील तर त्यांस बोल कसा लावावा? पण धागा बांधणारेच नसले तर माग रिकामा राहणार. मुलांपुढे हा प्रश्न उत्तर न देता ठेवावा. ती आपल्या गावातील बुरूड, कुंभार, कोष्टी ह्यांची उदाहरणे आपण होऊन देतील.

प्रात्यक्षिकासाठी अननसाची पाने मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास केळीचे सोपट घ्यावे. फुलमाळी गजरा बांधण्यास ह्याच सोपटाचा दोर वापरतात, हे मुलांस ठाऊक असते. सोपटाची हातभर पट्टी पाटावर ठेवून करवंटीच्या कडेने एकाच दिशेने खरवडावी. दोन्ही बाजूंस खरवडले तर तंतू तुटतात. तंतू धुऊन सावलीत वाळवावे. घायपाताचे पान ह्या कामास घेऊ नये. त्याच्या रसाने हातास खाज सुटते व पुरळ उठते. अननसाच्या पानांचे काटे शिक्षकांनी स्वतः काढून मगच ती मुलांच्या हाती द्यावी. केळीच्या सालीचे व सोपटाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, हेही आधी सांगून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पालकांची तक्रार यावयाची.

तंतू वाळल्यावर प्रत्येक मुलास वीस-वीस तंतू वाटावे आणि दहा मिनिटे घड्याळ लावून एकास एक बांधावयास सांगावे. गाठ घट्ट हवी आणि ओढली असता सुटता कामा नये. दहा मिनिटांनी ज्याच्या-त्याच्या गाठी मोजून फळ्यावर मांडाव्या. नंतर मघाचा ३,९९९ हा आकडा पुन्हा लिहून ‘तुमच्या वेगाने एक मीटर कापडाच्या गाठी मारावयास किती तास लागतील?’ हे गणित घालावे. बांधलेले धागे टाकून देऊ नयेत. पुठ्ठ्यावर चिकटवून खाली झाडाचे नाव, दिनांक व बांधणाऱ्या मुलाचे नाव लिहावे, आणि तो पुठ्ठा कापूस, लोकर, रेशीम व ताग ह्यांच्या नमुन्यांशेजारी वर्गात लावावा.