'के' या एका अक्षराचे अर्थ आणि आपली चिठ्ठी

मूत्राश्मरीचा एक जुना रुग्ण पुनर्तपासणीसाठी आमच्याकडे आला होता. दरम्यान त्यास वृक्कविकार जडला होता व एका रुग्णालयाच्या चिठ्ठीवर 'के वर्ज्य' एवढाच शेरा होता. रुग्णाने त्याचा अर्थ जीवनसत्त्व 'के' असा घेतला, पालेभाज्या सोडल्या. शहाळ्याचे पाणी आणि आम्हीच दिलेली श्वेतपर्पटी मात्र चालू ठेवली. रक्तातील पोटॅशियम ६.१ निघाले. चिठ्ठी आम्हीही पाहिली होती, म्हणून दोष आम्ही रुग्णास देत नाही.

रसायनशास्त्रात 'के' हे पोटॅशियमचे चिन्ह असून ते 'केलियम' या लॅटिन नावावरून आले. त्याचे मूळ वनस्पतीच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. 'अल्कली' हा शब्दही तेथूनच निघाला. 'पोटॅश' म्हणजे भांड्यातील राख. याच पोटॅशमधून हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने हे मूलद्रव्य वेगळे केले. वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार काढण्याची आपली रीत पाहिली म्हणजे हे चिन्ह वैद्यास परके वाटू नये. यवक्षार, अपामार्गक्षार यांत पोटॅशियमची लवणे भरपूर असतात. श्वेतपर्पटीतील सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट.

जीवनसत्त्व 'के' ही सर्वस्वी निराळी गोष्ट. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांना स्निग्धांशरहित आहारावरील कोंबडीच्या पिलांत रक्तस्राव आढळला. १९३५ मध्ये त्यांनी या घटकास रक्त गोठण्याच्या 'कोआग्युलेशन' या क्रियेवरून 'के' हे अक्षर दिले. तिकडे तो शब्द 'के'नेच लिहितात. वॉरफरिन वा असिनोकुमारॉल घेणाऱ्या रुग्णाने पालेभाज्या एकदम सोडू नयेत, एकदम वाढवूही नयेत. प्रमाण स्थिर असावे. शहाळ्याचा या जीवनसत्त्वाशी संबंध नाही, पोटॅशियमशी मात्र निकटचा आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण 'सी' जीवनसत्त्वास 'क' म्हणतो. एक मात्रा पुसली गेली की 'के'चा 'क' होतो आणि रुग्ण पालकाऐवजी आवळा सोडतो! प्लेटलेटच्या अहवालातील 'के' म्हणजे केवळ हजार, आणि तापमानापुढे तेच अक्षर केल्विन दर्शविते. तेथे सहसा घोटाळा होत नाही.

औषधविक्रेत्यांनी विशेष दक्ष राहावे. 'इंजेक्शन के' अशी चिठ्ठी आल्यास अंदाजाने औषध देऊ नये, लिहिणाऱ्यास विचारावे. जीवनसत्त्व 'के' रक्तस्राव रोखण्यासाठी देतात. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून गेल्यास हृदय बंद पडू शकते. तसेच क्षारयुक्त कल्प देताना वृक्कविकार आहे काय, रामिप्रिल, टेल्मिसार्टन वा स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे काय, हे विचारावे. ही तिन्ही औषधे पोटॅशियम वाढवितात.

आमच्या रुग्णाची श्वेतपर्पटी व शहाळे त्याच दिवशी बंद करून त्यास वृक्कविकारतज्ज्ञांकडे पाठविले. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात 'के' लिहिणे बंद आहे. 'पोटॅशियम' किंवा 'जीवनसत्त्व के' असे पूर्ण लिहितो आणि खाली वर्ज्य पदार्थांची नावे मराठीत देतो.