पिकअपचे ब्रेक ऑइल: डबी भरलेली, पण आतले ऑइल किती वर्षांचे?



टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपवाल्यांनी आजचा मेसेज पूर्ण वाचावा. गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाचे ब्रेक पेडल भरल्या गाडीत, घाट उतरताना एकदम तळाला गेले. गिअर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. तासाभराने ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागू लागला. मेस्त्रीला काही दोष सापडेना. डबीत ऑइल भरलेले होते, फक्त चार वर्षांचे जुने होते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. झाकण घट्ट असले तरी रबरी नळ्यांतून ती हळूहळू आत शिरते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ तर २३० पर्यंत. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येऊ शकतात. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, आतल्या ऑइलची वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पाय खाली जातो आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. गार झाले की सगळे ठीक! गावातल्या रस्त्यावर ही खोड दिसतच नाही.

तेव्हा वरून भर घालणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. साधारण दोन वर्षांनी सगळे बदला. आणि डबीतली पातळी सारखी उतरत असेल तर लायनर-पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे, ती आधी बघा.

काम दोन माणसांचे आणि दोन तासांचे. पण एबीएस असलेली गाडी, एअर ब्रेकचा ट्रक आणि ट्रॅक्टर यात धरू नका. त्यांची पद्धत वेगळी. काही ट्रॅक्टरच्या ब्रेकला वेगळेच तेल लागते, त्यात डॉटचे ऑइल घातले तर सील जातात.

झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तेच, सीलबंद, एक लिटर आणा. गेल्या वर्षीचा उघडा डबा वापरू नका, त्यातही ओल गेलेली असते. इंजिन ऑइलचा एक थेंबही चालत नाही, रबर फुगते. निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि जनावरांची मोठी सिरिंज घ्या. (ती सिरिंज परत गोठ्यात नेऊ नका.) निपल गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारा. तरीही हलले नाहीत तर जोर लावू नका, निपल तुटले की खर्च वाढतो.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, पुढच्या चाकांना दगड. शक्यतो जॅक न लावता खालूनच काम करा. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलवर वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाके लटकली की तो दाब कमी करतो आणि ऑइल नीट येत नाही. चाक उचलावेच लागले तर खाली स्टँड हवा, नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली जाऊ नये.

सिरिंजने डबीतले काळे ऑइल ओढून नवे भरा. मग डबीपासून सर्वात लांबचे चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निपलला नळी लावून दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवा.

आता पेडलवर बसलेल्याशी ताळमेळ. त्याने तीन-चार वेळा सावकाश दाबून "धरला" म्हणायचे. तुम्ही निपल पाव आटा सोडायचे. पेडल खाली जाईल, पण त्याने पाय उचलायचा नाही. तुम्ही निपल बंद करून "सोड" म्हटल्यावरच उचलायचा. इथे चूक झाली की हवा आत आणि काम पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटते. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच चालू ठेवा. दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. ती रिकामी झाली तर हवा शिरते.

सगळी निपल घट्ट करून पुसा. रंगावर ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो. इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते ठीक. पण मिनिटभर जोरात दाबून धरल्यावर ते हळूहळू बसत गेले किंवा मऊ लागले, तर गाडी बाहेर काढू नका, मेस्त्रीला बोलवा. पेडल कडक असेल तर आधी रिकाम्या गाडीने अंगणात हळू चालवून बघा. माल नंतर.

काढलेले ऑइल विषारी असते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात बंद करून गॅरेजला द्या.

आणि डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्यांनो, ते नवे ऑइलही तापवता. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा.

कुठे अडलात तर निपलचा आणि डबीचा फोटो ग्रुपवर टाका. बदलल्याची तारीख झाकणाजवळ पेंटने लिहून ठेवा.