ओळंब्यापासून नकाशापर्यंत

बांधकामाच्या धंद्यात आपले लोक पुष्कळ आहेत. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, प्लंबर, फॅब्रिकेटर, शिवाय सिमेंट-लोखंडाचे दुकानदार. परंतु ज्या नकाशावर हे सारे काम चालते, तो काढायला कसे शिकतात हे आपल्याच मुलांना ठाऊक नसते. हुशारी कमी नाही, वाट दाखवणारा माणूस कमी आहे.

अमेरिकेत हीच उणीव हेरून १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘एस मेंटॉर प्रोग्रॅम’ सुरू झाला. संस्थापक चार्ल्स थॉर्नटन हे स्ट्रक्चरल इंजिनिअर. क्वालालंपूरच्या ४५२ मीटर उंच पेट्रोनास टॉवर्सच्या संरचनेत त्यांचा मोठा वाटा होता. शाळा सुटल्यावर मुले आर्किटेक्ट, इंजिनिअर व ठेकेदारांकडे जमतात, एका काल्पनिक इमारतीचा आराखडा करतात आणि शेवटी तो सर्वांसमोर मांडतात. मुलांना फी नाही. शिकवणारेही मोबदला घेत नाहीत.

आपल्या मोहल्ल्यात हे करायला मोठा पैसा लागत नाही. आठवी ते दहावीची पाच-सहा मुले-मुली आणि महिन्यातले दोन रविवार पुरेत.

पहिला धडा : काटकोन. मिस्त्री दोरीने ३, ४ व ५ फूट मोजून कोपरा गुण्यात आणतो. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत तो हाच. हे जागेवर दाखवा.

दुसरा : प्रमाण. ३ मीटर बाय ३.६ मीटरची खोली १:५० प्रमाणात काढली, तर कागदावर ६ बाय ७.२ सेंटिमीटर येते. मुलांना स्वतःच्या घराचा नकाशा काढू द्या.

तिसरा : हिशेब. भिंत ३ मीटर लांब, ३ मीटर उंच, २० सेंटिमीटर जाड, म्हणजे १.८ घनमीटर. मसाल्यासह २०×१०×१० सेंटिमीटरची वीट धरल्यास घनमीटरला ५०० विटा, एकूण ९००. १×२ मीटरचा दरवाजा वजा केला की २०० कमी; उरल्या ७००. तुटफूट वेगळी.

चौथा : पुढची वाट. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन (सिव्हिल) दोन वर्षांचा आहे. पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाल्यावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची. तिला ‘नाटा’सारखी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला किंवा डिप्लोमाला गणित असावे लागते. तेव्हा कठीण वाटते म्हणून अकरावीला गणित सोडणाऱ्या मुलाला वेळीच थांबवा. नंतर पश्चात्ताप करून ते दार सहज उघडत नाही.

मुलांना साइटवर नेताना हेल्मेट व बूट घाला, स्लॅब भरण्याच्या गर्दीत नेऊ नका आणि त्यांच्याकडून मजुरी करवू नका. ती शिकायला आली आहेत.

बापाच्या हातातला ओळंबा हलका नाही. त्याच घरातल्या मुलाने किंवा मुलीने नकाशावर सही केली, तर त्या ओळंब्याचाही मान वाढेल. येत्या रविवारी शेजारच्या एका मुलाला सोबत घ्या. सुरुवात तेवढीच पुरे.