स्ट्रीमलाइन फ्रॉक आणि एक सिव्हिल इंजिनिअर

'फॅशन' हा शब्द काढला की आपल्या होस्टेलमध्ये हशा पिकतो. पण १९६० च्या दशकातल्या पॅरिसच्या 'स्पेस एज' फॅशनबद्दल वाचताना मला ती आपल्या ड्रॉइंग शीटच्या फार जवळची वाटली.

आधी काळ लक्षात घ्या. १९५७ ला स्पुटनिक, १९६१ ला गागारिन आणि १९६३ ला व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा ही पहिली महिला अंतराळात गेली. सगळ्या जगाचे डोळे आभाळाकडे! फॅशनमध्ये मात्र १९४७ साली दिओरने आणलेल्या आवळलेल्या कंबरेचा आणि घेरदार स्कर्टचा प्रभाव बरीच वर्षं टिकून होता.

आंद्रे कुरेज हा मूळचा सिव्हिल इंजिनिअर. १९६४ साली त्याने पांढऱ्या आणि चंदेरी रंगांचे, सरळ रेषांचे पोशाख आणले. त्याची करामत कळायला 'लोड पाथ' आठवा. पोशाखाचा भार त्याने कंबरेवरून काढून खांद्यावर घेतला. खांदा हा सपोर्ट. तिथून कापड ट्रॅपेझियमसारखं खाली रुंद होत जातं, अंगाला आवळत नाही. त्यासाठी कापड जाड आणि ताठ हवं, मऊ कापड असा आकार धरत नाही. पायात उंच टाचांऐवजी सपाट बूट. म्हणजे बाईला भराभर चालता येतं, पळताही येतं!

आर्किटेक्चर शिकलेल्या पाको राबानने १९६६ मध्ये सुई-दोरा सोडून हातात पक्कड घेतली. प्लास्टिकच्या चकत्या कड्यांनी जोडून त्याने पोशाख केले. चकती ताठ, पण जोड हलता, म्हणून अख्खा पोशाख वळतो. अर्थात 'न घालता येण्याजोगे' हे नाव त्यानेच त्यांना दिलं होतं! पिएर कार्दांने १९६८ मध्ये उष्णता देऊन कापडावरच उठावाचे आकार साच्यातून काढले.

आता खरी गोष्ट. अपोलोचे स्पेससूट शिवले ते ब्रा आणि गर्डल बनवणाऱ्या कंपनीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. एक टाका चुकला तर अंतराळवीराच्या जिवाशी गाठ. पण १९६९ ते १९७२ मध्ये चंद्रावर उतरलेले बाराही जण पुरुष. तेरेश्कोव्हानंतर दुसरी महिला अंतराळात जायला १९८२ साल उजाडलं. पोशाख भविष्यातला मिळाला, संधी मात्र मिळाली नाही.

म्हणून मला कुरेजचे ते सपाट बूट जास्त मोलाचे वाटतात. चंद्र राहू दे, निदान रस्त्यावर तरी त्यांनी बाईचं पाऊल मोकळं केलं. आपणही डिझाइन करताना डायमेन्शनसोबत वापरणाऱ्याचं चालणं-बसणं मोजलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.