पाच अक्षरांचा धडा

सुरुवातीलाच कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घाची लॉटरी काढतो. त्यामुळे या लेखात चूकभूल द्यावी घ्यावी. खरं तर हा लेखच एका चुकीतून जन्माला आला आहे.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आधी आपल्या हॉस्टेलच्या गेटवर नवा बोर्ड लावायचं ठरलं. मॅटर टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाईलवर ‘मुलांचे वस्तीगृह’ असं टाईप करून फ्लेक्सवाल्याला पाठवलं. दोन तासांत फ्लेक्स तयार! सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले, पण कोणाच्या काही लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी मेसची टाकी रंगवायला एक पेंटर काका आले. गेटला सायकल टेकवून त्यांनी बोर्ड वाचला आणि मला विचारलं, “काय रे बाळा, हितं वस्तीची यष्टी थांबती व्हय?”

मला जोक कळलाच नाही. मग त्यांनी सांगितलं, “वसतिगृह. व, स, ति. ति पहिली. कवी एकटा असला की दीर्घ, कविसंमेलनात गेला की ऱ्हस्व. तसंच हे.” बारा वर्षांत मला जो नियम समजला नव्हता, तो दीड मिनिटात समजला. काकांचं शिक्षण सातवीपर्यंत!

रेक्टर सरांनी फ्लेक्स उतरवला, गेटशेजारच्या भिंतीवर नाव रंगवून घ्यायचं ठरवलं आणि शिक्षा म्हणून मला काकांच्या हाताखाली दोन दिवस दिलं. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते इथे मांडतो आहे.

आधी भिंत

मला वाटलं होतं, काका आले की लगेच अक्षरं काढायला घेतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “प्लास्टर कवाचं?” सिमेंटचं ताजं, ओलसर प्लास्टर अल्कलाईन असतं. त्याच्यावर थेट ऑईल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा चक्क साबण होतो. हेच ते आपण पाठ केलेलं सॅपॉनिफिकेशन! रंग चिकट होतो, फुगतो आणि पोपडे निघतात. काकांना तो शब्द माहीत नाही, पण ‘नवी भिंत रंग खाती’ हे पक्कं माहीत आहे.

आमची भिंत जुनी आणि कोरडी होती. आधी ती खरवडली, मग प्रायमर, मग खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. अख्खा पहिला दिवस गेला तरी एक अक्षर नाही. काका म्हणाले, “बोर्ड दिसतो तो वरचा. टिकतो तो खालचा.”

रंगाची निवडही विचार करून होते. बाजारातल्या भडक लाल रंगांपैकी बरेचसे उन्हात लवकर उडतात. जुन्या पाट्या बघा, काळं नाव शाबूत असतं आणि लाल ओळ गुलाबी होऊन गेलेली असते. रेड ऑक्साईड मात्र लोखंडाचा गंज, तो उन्हाला दाद देत नाही. म्हणून काकांनी आमच्यासाठी काळा आणि विटकरी हे दोनच रंग घेतले.

मग दोरी

दुसऱ्या दिवशी दोरीला नीळ लावून ती भिंतीवर ताणून धरली आणि मधे उचलून सोडली. फटकन एक सरळ निळी रेघ! ही शिरोरेषा. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. म्हणून देवनागरीचा पेंटर वरून सुरुवात करतो.

पण नुसती शिरोरेषा पुरत नाही. ‘ति’ची वेलांटी रेघेच्या वर जाते आणि ‘गृ’चा ऋकार अक्षराच्या खाली उतरतो. म्हणजे एका ओळीला तीन मजले लागतात. हा हिशेब आधी केला नाही तर शेवटी वेलांटी चौकटीला आपटते.

पुढची गंमत मोजपट्टीची. मी हुशारी करून भिंतीचे पाच सारखे भाग पाडले. काकांनी ते पुसले. “अक्षरं मोजून न्हाईत, बघून लावायची.” ‘स’च्या शेवटी उभा दांडा आहे आणि लगेच पुढे ‘ति’च्या वेलांटीचा दांडा येतो. दोन दांडे शेजारी आले की डोळ्याला गर्दी वाटते, तिथे जागा जास्त सोडायची. ‘ह’ला उभा दांडाच नाही, त्याच्या भोवती पोकळी दिसते, म्हणून त्याला जवळ ओढायचं. मोजमाप असमान आणि दिसायला समान! ड्रॉईंगच्या सबमिशनमध्ये मी नेमकं उलटं करत आलो आहे.

अक्षर किती मोठं?

काकांचा नियम सोपा आहे, ‘धा फुटाला एक इंच.’ साठ फुटांवरच्या रस्त्यावरून वाचायचं असेल तर अक्षर सहा इंचांचं हवं. रूमवर येऊन मी हिशेब केला. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यात निरोगी डोळ्याला वाचता येणारं अक्षर डोळ्यापाशी 5 मिनिटांचा कोन करतं. त्या हिशेबानं साठ फुटांवर साधारण एक इंचाचं अक्षर जेमतेम वाचता येतं. काकांचं अक्षर त्याच्या जवळजवळ सहापट! हा फॅक्टर ऑफ सेफ्टी कशासाठी? काका म्हणाले, “वाचणारा थांबून वाचत न्हाई. म्हातारा असतो, सांज असती, गाडीवर असतो.” बीमच्या डिझाईनमध्येही आपण हेच करतो, पण माणसाचा विचार करून इतकं स्वच्छ कारण मला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

छोट्याचं मोठं

काका चित्रंही काढतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ असतात ना, पाढे, नकाशे, प्राणी, तसल्या किती शाळा रंगवल्या याची त्यांना मोजदाद नाही. पद्धत चौकटींची. कागदावरच्या चित्रावर एक इंचाच्या चौकटी आखायच्या, भिंतीवर एक फुटाच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. लांबी बारापट होते, पण रंगाचं क्षेत्रफळ 144 पट होतं. रंगाचा अंदाज इथेच चुकतो आणि नवखा पेंटर तोट्यात जातो. शिवाय परांचीवर उभं राहिलं की समोर नुसता वाघाचा कान दिसतो, वाघ दिसत नाही. म्हणून दर थोड्या वेळानं खाली उतरून लांब जायचं, बघायचं आणि परत चढायचं. काका म्हणतात, निम्मी मजुरी चढण्या-उतरण्याची!

पेंटरांचं गाव

आपलं कॉलेज कोल्हापुरात आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. या गावात पेंटर हे आडनाव म्हणून मिरवलं गेलं आहे. बाबूराव पेंटर (1890–1954) यांचं मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमानं दोघांना वेड लावलं. आनंदराव 1916 मध्ये गेले, पण बाबूरावांनी इथेच स्वतःचा मूव्ही कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. रंगाचा ब्रश धरणारा हात यंत्रही बनवतो, हे आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी लक्षात ठेवावं. मुंबईत एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी सिनेमाची होर्डिंग रंगवूनच पोट भरलं होतं.

वर्षाचं गणित

काकांचं वर्ष असं असतं: उन्हाळ्यात शाळा आणि गावच्या जत्रा, पावसाळ्यात बाहेरच्या भिंती बंद, मग गणपती मंडळांचे देखावे, दिवाळीला दुकानं, आणि निवडणूक आली तर भिंती. 2000 नंतर फ्लेक्स आला आणि यातलं बरंचसं काम गेलं. नंबरप्लेट रंगवून रोजचा खर्च निघायचा. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीचीच हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, मग जुन्या गाड्यांनाही. 2022 मध्ये राज्यात छोट्या दुकानांनाही मराठी पाटीचा कायदा लागू झाला, सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं पाट्या बदलायला दोन महिने दिले. मी उत्साहानं विचारलं, “काका, मग काम वाढलं असेल ना?” ते हसले. “बोर्ड वाढलं, ब्रशचं न्हाई.”

त्यांचा मुलगा विनाइल कटिंगच्या दुकानात नोकरी करतो. काकांना त्याचा राग नाही. “त्याला पगार हाय, सुट्टी हाय. माझा हात थांबला की चूल थांबती.” एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे उंच परांचीवर आता घरचे चढू देत नाहीत. हे सगळं ते ‘स’ची गाठ भरता भरता सांगत होते आणि हात जराही हलला नाही.

शेवटी

संध्याकाळी चार अक्षरं पूर्ण झाली, ‘ति’ तेवढा वेलांटीशिवाय उभा होता. काकांनी हात टेकायची काठी आणि ब्रश माझ्या हातात दिला. “चूक तुझी, दुरुस्ती बी तूच कर.” माझी वेलांटी थोडी जाड आली. त्यांनी कड साफ केली, पण पुसली नाही. मग मला रस्त्यापलीकडे पाठवलं आणि ओरडून म्हणाले, “वाच!” मी मोठ्यानं वाचलं.

तेव्हा एक गोष्ट समजली. फ्लेक्सच्या मशीननं माझी चूक दोन तासांत छापली, कारण मशीन वाचत नाही. पेंटरला एकेका शब्दासमोर दिवसभर उभं राहावं लागतं, म्हणून तो शब्द आधी वाचतो. फ्लेक्स स्वस्त आहे, तीन दिवसांच्या कार्यक्रमाला तोच बरा. पण जे नाव वर्षानुवर्षं राहायचं आहे, लॅबचं, लायब्ररीचं, हॉस्टेलचं, ते तरी हातानं लिहून घ्यावं, अशी माझी स्टाफला आणि पुढच्या जी. एस.ला विनंती आहे. पैसे चार जास्त जातील, पण त्यात प्रूफरीडिंग फुकट आहे.

आणि हो, गेटमधून आत येताना ‘ति’कडे जरा बघा. ती जाड वेलांटी माझी आहे.