पायलट व्हायचंय? आधी हिशोब करा!

ओझरचं सुखोई डोक्यावरून गेलं की हॉस्टेलच्या गच्चीवरची मंडळी पत्ते खाली ठेवून वर बघतात. त्यातल्या निम्म्यांना पायलट व्हायचं असतं. मीही त्यातलाच. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाहीर केलं, "डिग्री झाली की अमेरिकेत सीपीएल करणार आणि जपानच्या एअरलाइनमध्ये लागणार!" जपान का, तर सेकंड इयरपासून जपानी भाषेचा क्लास लावलाय. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते द्राक्षबागेचा सातबारा शोधताना दिसले आणि माझी झोप उडाली. मग जो अभ्यास केला, तो इथे मांडतो.

पहिला प्रश्न : एका देशाचं लायसन्स दुसरीकडे चालतं का?

तसंच्या तसं नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारं विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स वैमानिकाकडे लागतं. विमानाच्या अंगावरची अक्षरं बघा. भारताची व्हीटी, अमेरिकेची एन, जपानची जेए. म्हणजे अमेरिकेत शिकलेल्याला व्हीटी विमान उडवायचं तर डीजीसीएकडून लायसन्स बदलून घ्यावं लागतं आणि जेए विमानासाठी जपान सरकारकडून.

दुसरा प्रश्न : भारतात काय लागतं?

सीपीएलसाठी एकूण 200 तास उड्डाण, त्यात 100 तास स्वतः कमांडमध्ये. एक लांबचं उड्डाण 300 नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण 555 किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे 5 तास, त्यात 10 टेक-ऑफ आणि 10 लँडिंग. शिवाय क्लास वन मेडिकल. परदेशातून आलात तरी हवाई नियमांचा पेपर इथलाच द्यायचा आणि पास व्हायला 70 टक्के हवेत! आणि एक महत्त्वाची गोष्ट, अलीकडच्या 6 महिन्यांतलं उड्डाणही दाखवावं लागतं.

ही शेवटची अट माझ्या मामेभावाला भोवली. दादा फेब्रुवारी 2020 मध्ये परदेशातून सीपीएल घेऊन आला. कागदपत्रं जमवेपर्यंत कोरोना आला. 25 मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा दोन महिने बंद होती, फ्लाइंग स्कूललाही कुलूप. सहा महिने उलटले आणि त्याला पुन्हा पैसे भरून तास उडवावे लागले. कर्जाचे हप्ते मात्र कोरोनासाठी थांबले तरी व्याज थांबलं नाही.

तिसरा प्रश्न : मग जपान?

तिथे परदेशी लायसन्सवाल्याला काही परीक्षांत सूट मिळते, पण जपानी हवाई कायद्याचा पेपर आणि जपानचं मेडिकल सुटत नाही. वैमानिक म्हणून कामाचा व्हिसा हवा तर किमान 250 तासांचा अनुभव लागतो. आपलं सीपीएल होतं 200 तासांत! इथेच माझा प्लॅन आपटला. बरं, 250 झाले म्हणून नोकरी मिळते असंही नाही. 2014 मध्ये पीच या जपानी कंपनीला कॅप्टन कमी पडल्यामुळे 2 हजारांहून जास्त फेऱ्या रद्द कराव्या लागल्या होत्या. मी वाचून खूश झालो. नंतर लक्षात आलं की तुटवडा होता कॅप्टनचा, नवशिक्याचा नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं आणि त्यासाठी आपल्याकडे 1500 तास.

थोडक्यात, क्रम असा हवा. नोकरी कुठे करायची ते आधी ठरवा. त्या देशाचे नियम त्यांच्याच सरकारी कागदात वाचा, एजंटच्या तोंडून नाही. फी भरण्याआधी मेडिकल करा, कारण त्यात अनफिट ठरलात तर पुढचं सगळं फुकट. परदेशातच शिकायचं असेल तर तिथला तास न तास भारतीय अटींशी जुळवून घ्या. बारामती, धुळे, गोंदिया इथेही उड्डाण शिकता येतं, तेही बघा.

मी बाबांना सातबारा परत कपाटात ठेवायला सांगितलं. आधी डिग्री, मग मेडिकल, सोबत डीजीसीएचे पेपर. जपानीचा क्लास सोडलेला नाही. पण आता गच्चीवर कुणी म्हणालं, "अमेरिकेचं लायसन्स जगात कुठेही चालतं," तर त्याला मी आधी विचारतो, "विमानावर अक्षरं कोणती आहेत?"