वीजपुरवठा संच जळाल्यानंतर संगणकाची तपासणी

२०११ साली ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत संगणक पोहोचला. शाळांतही तो आता नवलाईचा राहिलेला नाही. दाखले, कर आकारणीचे उतारे, निकालपत्रके ही सारी कामे त्यावरच होत असल्याने तो बंद पडला की कार्यालयाचे काम अडते. ग्रामीण भागात तो बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे त्यातील वीजपुरवठा संच, म्हणजेच तंत्रज्ञांच्या बोलीतील एसएमपीएस, निकामी होणे हे होय.

अशा प्रसंगी दोन प्रकारच्या चुका घडतात. ‘सगळेच जळाले’ असे गृहीत धरून संपूर्ण यंत्राच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला जातो. किंवा ‘पुन्हा एकदा पाहू’ म्हणून तोच सदोष संच वारंवार चालू केला जातो. पहिल्या चुकीत पैसा वाया जातो. दुसरीत हार्ड डिस्क, आणि तिच्यातील गावाच्या नोंदी, कायमच्या जाण्याचा धोका असतो. म्हणून दुसरी चूक अधिक गंभीर मानावी लागेल.

संच का जळतो?

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. तीन फेजच्या वाहिनीवर कोणत्याही दोन फेजमधील दाब मात्र सुमारे ४१५ व्होल्ट असतो. डी.पी.वरील अथवा खांबावरील न्यूट्रल तार सुटली की हा दाब ग्राहकांच्या भारानुसार विषम वाटला जातो आणि ज्या फेजवर भार कमी तेथे तो ३०० व्होल्टच्याही पुढे जातो. विजेच्या कडकडाटानेच यंत्र जळते अशी समजूत आहे. तथापि सुटलेल्या न्यूट्रलचा वाटाही लहान नाही.

संच २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करतो. पुष्कळदा त्यातील फ्यूज किंवा संरक्षक घटक आधी जळतो आणि पुढील भाग सुखरूप राहतात. नियंत्रक भाग बिघडून वाढीव दाब पुढे गेला तरच मदरबोर्ड व डिस्क यांना इजा पोहोचते. संच जळणे आणि संगणक जळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

मापन

प्रथम मुख्य वीज बंद करून प्लग काढावा आणि संचाला जोडलेला प्रत्येक घटक अलग करावा. संचाची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यातील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३२० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकू शकतो व तो प्राणघातक ठरू शकतो.

पुढील तपासणीस साधा मल्टिमीटर पुरतो. प्रचलित एटीएक्स पद्धतीच्या संचात जांभळ्या तारेवर, वीज जोडलेली असताना, सदैव ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. तेथे शून्य आढळल्यास संच गेला असे समजण्यास हरकत नाही. ते मिळत असतील, तर प्लग काढून चोवीस टोकांच्या जोडणीतील हिरवी तार एखाद्या काळ्या तारेशी जोडावी व पुन्हा वीज द्यावी. पंखा फिरू लागेल. मग काळ्या तारेच्या संदर्भात पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट आढळले पाहिजेत. पंखा फिरला म्हणजे संच चांगला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. भार नसताना योग्य भासणारा दाब भार पडताच कोसळतो, हा तंत्रज्ञांचा नित्याचा अनुभव आहे. काही संचांत सर्वच तारा काळ्या असतात, तर काही कंपन्यांची जोडणी सर्वस्वी निराळी असते. तेथे रंगांवर विसंबू नये.

घटकांची तपासणी

यापुढे खात्रीचा, चालू स्थितीतील दुसरा संच हवा. मदरबोर्डवर फुगलेले कॅपॅसिटर, काळे डाग किंवा जळका वास आहे काय ते पाहून त्याला प्रोसेसर, त्याचा पंखा व रॅमची एकच पट्टी एवढेच जोडावे. डिस्क जोडू नये. पंखा क्षणभर फिरून थांबला, तर कोठेतरी शॉर्ट असून संचाने स्वतःला बंद करून घेतले असे समजावे. पडदा कोराच राहिला तर वीज काढून रॅमची पट्टीही काढावी आणि पुन्हा चालू करावे. लहान स्पीकर जोडलेला असताना बीप असा तक्रारीचा आवाज आला, तर मदरबोर्ड व प्रोसेसर जिवंत आहेत. संपूर्ण तपासणीत इतकी स्वस्त आणि बोलकी खूण दुसरी नाही. त्यानंतर एकेक घटक जोडत जावे. प्रत्येक वेळी वीज काढूनच. रॅमसाठी मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवणे इष्ट.

हार्ड डिस्क सर्वांत शेवटी जोडावी आणि ती चालू झाली तर इतर कोणतीही चाचणी करण्याआधी नोंदींची प्रत काढून घ्यावी. ती जोडताच चांगला संचही बंद पडत असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. अनेक डिस्कच्या सर्किटवर वाढीव दाब स्वतःवर घेऊन शॉर्ट होणारे संरक्षक डायोड असतात. असा डायोड बळी गेला असल्यास कुशल तंत्रज्ञ तो काढून माहिती वाचवू शकतो. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट नुसते अदलून मात्र बहुधा भागत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्याच सर्किटवरील चिपमध्ये नोंदलेली असते.

कोणता घटक तपासला, काय आढळले व काय बदलले, याची तारीखवार टिपणी जडसंग्रह नोंदवहीसोबत ठेवावी; निर्लेखनाचा प्रश्न आलाच तर तीच आधारभूत ठरते. नवा संच बसवून यंत्र पुन्हा त्याच प्लगला जोडण्यापूर्वी वायरमनकडून तेथील दाब मोजून घ्यावा. फेज व न्यूट्रलमध्ये तो २३० च्या आसपास असावा. न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा फार अधिक आढळल्यास आधी अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी दुरुस्त करून घ्यावी, संगणक नंतर जोडावा.